सोनं नको, लोखंड दाखवा

सुकन्याने यंत्र काउंटरवर ठेवलं आणि रिक्षावाल्याला मागच्या दोन गोण्याही आत आणायला सांगितल्या. गोण्या जड होत्या. दुसरी ठेवताना तिच्या तोंडाची सुतळी सुटली आणि मूठभर काळी माती दुकानाच्या चकचकीत फरशीवर सांडली.

"मॅडम, हे काय आणलंय?" दुकानदार सुहासने विचारलं. नगरला एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. वेल्डिंगचं सामान, बोअरच्या मोटारी, आणि जमिनीतला धातू शोधायची यंत्रं, विकत किंवा भाड्याने.

"आमच्या रानातली माती. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, हे आधी सांगते. ते या मातीत चालत नाही."

"अहो, यंत्राला माती काय कळते!"

"तेच तर. त्याला मातीच कळते. दुसरं काही कळत नाही."

सुहास हसला. सुकन्या हसली नाही. बावीस वर्षं ती नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होती, आणि प्रयोग फसला तर उपकरणाला शिव्या देण्याआधी प्रयोगाची मांडणी तपासायची, हे तिने शेकडो पोरांना सांगितलं होतं. आता पाळी तिच्यावर आली होती.

झालं होतं असं. खर्ड्याच्या अलीकडे तिच्या आईचं, रंगुबाईचं, चार एकर रान होतं. शेजारी बिभीषणचं. दोन्ही रानांमधला बांध रस्त्यापासून नाल्यापर्यंत सरळ जायचा आणि दोन्ही टोकांना हद्दीचा एकेक दगड होता. रंगुबाई आणि तिचा नवरा सूर्यभान दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. सूर्यभान वारल्यावरही रंगुबाई सात वर्षं पुतण्याबरोबर जात राहिली. सहा महिने घराला कुलूप आणि रान एकटं. तेवढ्या काळात बिभीषणचा ट्रॅक्टर दरवर्षी बांध थोडा थोडा कोरत गेला. रस्त्याकडचा दगड जागचा हलला नाही, कारण तो येता-जाता सगळ्या गावाला दिसतो. नाल्याकडचा मात्र चालत चालत अकरा फूट अलीकडे आला. नेमका तो तुकडा ओलावा धरणारा. मे महिन्यातही तिथे चार पेंढ्या हिरवा चारा निघतो.

मोजणीचा अर्ज झाला. मोजणीदार एकदा येऊन बघून गेले. आसपासचे सगळेच जुने दगड इकडेतिकडे झाल्यामुळे नकाशा आणि रान यांचा मेळ बसेना. जाताना ते म्हणाले, "दोन्ही घरांनी मिळून ठेवलेली एखादी जुनी पक्की खूण असेल तर दाखवा. पंचवीस तारखेला परत येतो. नाहीतर आत्ता आहे त्या दगडावरून मोजणी होईल."

तेव्हा रंगुबाई चार माणसांदेखत म्हणाली होती, "दगुड हलवला, पन दगडाखालचं कोन हलवनार? आमच्या मालकानं आन् बिभीषनच्या बापानं दगडाखाली नांगराचा फाळ पुरलाय. हातभर खोल. वर कोळसा टाकलाय."

"म्हातारीला भ्रम झालाय," बिभीषण म्हणाला. "काकू, तुमी उसाच्या फडात हुता की कोपीत झोपला हुता? सपान पडलं आसंल."

रंगुबाईने लेकीला त्याच दिवशी फोन केला. "सुकन्ये, तू शिकलीस कशासाठी? जमिनीतलं लोखंड दिसंल आसं काय आसतं का तुमच्याकडं?"

असतं, म्हणून सुकन्याने सुहासच्या दुकानातलं सर्वांत महागडं यंत्र भाड्याने नेलं. त्याच्या पडद्यावर सोन्याला एक आकडा, तांब्याला एक, चांदीला एक. रविवारी ती ते घेऊन रानात उतरली आणि अर्धं गाव बांधावर गोळा झालं. यंत्र पहिल्या पावलाला बोंबललं. दुसऱ्या पावलालाही. ढेकळावर नेलं की वाजे, भेगेवर नेलं की गप्प, आणि पुढच्या ढेकळावर पुन्हा वाजे. गोरक्ष, तिचा चुलतभाऊ, कुदळ घेऊन तयार होता. त्याने सहा खड्डे खणले. सहाही खड्ड्यांत मातीशिवाय काही नव्हतं.

"अगं बाई बाई," बिभीषण बांधावरून ओरडला, "सगळ्या रानात सोनंच सोनं हाय की! सूर्यभान नानानं लई ठेवलंय मागं. काकू, कशाला गं ऊस तोडत बसलीस?"

लोक पोट धरून हसले. खर्ड्याचा किल्ला जवळ असल्याने या भागात जमिनीला यंत्र लावलं की गुप्तधनाशिवाय दुसरं कुणाच्या मनातच येत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की मास्तरीणबाई धन काढायला आल्यात.

सुकन्या नगरला परत आली ती दोन गोण्या माती घेऊन. तिने प्रयोगशाळेतलं चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घातलं आणि वाळलेल्या मातीतून फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा पिशवीला काळ्या रेतीची मिशी फुटली होती. तिने ती रेती कागदावर झटकली, वजन केलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा वजन केलं. काळा खडक झिजून झालेली ही माती. चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे बारीक कण तिच्यात ठासून भरलेले. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं. त्याला पावलोपावली लोखंडाचा अंश लागत होता.

आणि दुसरी चूक तिची स्वतःची होती. तिने माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं तेव्हा कळलं, की यंत्र दुकानातून निघतानाच लोखंड टाळायला लावलेलं होतं. गंजका खिळा, पत्रा, तार यांच्यावर वाजायचं नाही, असा हुकूम त्याला दिलेला. मातीच्या बारीक कणांना तो हुकूम लागू पडत नव्हता, अख्ख्या लोखंडी वस्तूला पडत होता. धन शोधणाऱ्याला खिळे नको असतात. म्हणजे ज्या एका वस्तूसाठी ती रानात उतरली होती, नेमक्या त्याच वस्तूवर यंत्राने तोंड मिटून घेतलं असतं.

हे सगळं तिने सुहासला सांगितलं, तितक्याच शांतपणे.

"मग तुम्हाला नक्की काय पाहिजे, मॅडम?" सुहास आता हसत नव्हता. "माझ्याकडे लोक येतात ते विचारतात, सोनं किती खोल दाखवतं."

"मला सोनं नको. लोखंड दाखवा. आणि या मातीत दाखवा. जे दाखवेल ते नेईन."

तिने पिशवीतून एक फाळ काढला. आईच्या घरी माळ्यावर पडलेला, लाकडी नांगराचा, दीड वीत लांब, चांगला जाड. सुहासने तो जमिनीवर ठेवला आणि वर गोण्या रचायला घेतल्या.

"इथे नको. तुमच्या फरशीखाली सळया असतील."

"स्लॅब नाही मॅडम, खाली जमीनच आहे."

"मग लावून बघा."

सुहासने लोखंडावर वाजणारं दुसरं एक यंत्र नुसतंच फरशीवर फिरवलं. ते दर वीतभर अंतराने टुणटुणलं. मग तो गोण्या मागच्या मोकळ्या आवारात घेऊन गेला. फाळ खाली, त्यावर एकावर एक दोन गोण्या, म्हणजे सुमारे दोन फूट माती. तीन यंत्रं झाली. पहिलं गोणीवरच ओरडत राहिलं. दुसऱ्याची तबकडी जमिनीवर वरखाली करून त्याला मातीची सवय लावता येत होती. ते बरंच शहाणं निघालं, पण मातीची कुरकुर दाबता दाबता त्याने फाळही दाबून टाकला. तिसरं दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं होतं. पडदा नाही, आकडे नाहीत. एक डबा, एक दांडा आणि परातीएवढी मोठी तबकडी.

"हे कुणी नेत नाही," सुहास म्हणाला. "सोनं की लोखंड ते सांगत नाही. एकच आवाज. आणि जड."

सुकन्याला ते माहीत होतं, आणि तिला तेच हवं होतं. बाकीची यंत्रं सतत बोलत राहतात आणि बोलता बोलताच ऐकतात, म्हणून मातीची बडबडही त्यांच्या कानात शिरते. हे यंत्र एक ठोका देतं, क्षणभर थांबतं आणि मग ऐकतं. भिंतीला टिचकी मारली तर आवाज तिथेच मरतो. घंटेला मारली तर घुमत राहतो. थांबून ऐकणाऱ्याला फक्त घंटा ऐकू येते. आणि तबकडी मोठी असल्यामुळे वरवरच्या खिळ्यातारांकडे तिचं फारसं लक्ष जात नाही.

तिने ते गोण्यांवरून फिरवलं. शांत. शांत. मग मधोमध एक जाडसर, घोगरा सूर. फाळ काढून घेतला आणि पुन्हा फिरवलं. शांत. तिने हे दहा वेळा केलं. पाच वेळा फाळ ठेवून, पाच वेळा काढून, आणि दर वेळी सुहासला पाठ करून उभं राहायला सांगितलं, म्हणजे फाळ आहे की नाही ते त्याने नुसत्या आवाजावरून ओळखावं. दहाच्या दहा वेळा त्याने बरोबर ओळखलं.

"माझ्या पंधरा वर्षांच्या धंद्यात," तो कपाळ पुसत म्हणाला, "गिऱ्हाइकाने माझीच परीक्षा घेतली नव्हती."

पंचवीस तारखेला मोजणीदार सकाळीच आले. पंच म्हणून गावातली चार माणसं, आणि न बोलावलेली चाळीस. बिभीषणने पांढरा शर्ट घातला होता. रंगुबाई बांधावर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर खुरपं.

"या मास्तरीणबाई," बिभीषण म्हणाला. "आज परात आनली व्हय? जेवन हाय का?"

सुकन्या थेट नाल्याकडच्या, म्हणजे सरकून आलेल्या दगडापाशी गेली. आधी इथे काही नाही हे दाखवायचं, मग बिभीषणच्या बाजूला सरकत जायचं, असा तिचा बेत होता. तिने तबकडी दगडाशेजारी धरली आणि यंत्र घोगऱ्या आवाजात स्पष्ट बोललं.

तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच सूर.

"वाजलं!" कुणीतरी ओरडलं. बिभीषणने स्वतः पुढे होऊन गोरक्षच्या हातातली कुदळ घेतली, दगड कलता केला आणि वीत-दीड वीत खणलं. लोखंडाचा फाळ निघाला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून चाळीस माणसांना दाखवला.

"घ्या! काकूंचा फाळ! काकू खरं बोलत हुत्या, मीच चुकलो. फाळ हाय, आन् दगडाखालीच हाय. दगुड जागच्या जागी हाय, सायेब. लिवा."

मोजणीदारांनी पेन काढलं. फाळाची गोष्ट आईने चार माणसांदेखत सांगितली होती. ज्याला खूण माहीत झाली, तो खूण बनवणारच. हे सुकन्याच्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नव्हतं.

तेवढ्यात रंगुबाई हसायला लागली. ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"बिभीषन, दाव रं बाबा, हिकडं दाव. ह्याला दोन भोकं हायत की. नटबोल्टाची. ह्यो ट्रॅक्टरचा फाळ हाय. आमच्या मालकानं पुरला तवा अख्ख्या गावात ट्रॅक्टर कुटं हुता?"

लोकांत खसखस पिकली.

"आन् दुसरं आईक. ह्यो अख्खा हाय. आमचा अर्धा हाय."

"अर्धा?" सुकन्या आणि बिभीषण एकदमच म्हणाले.

"व्हय. लोहाराच्या भट्टीत लाल केला आन् छिन्नीनं तिरका तोडला. तुझ्या बापादेखत. मी पानी घेऊन गेल्ते. एक तुकडा त्या रस्त्याच्या दगडाखाली, एक ह्या दगडाखाली. दोगांत भांडान झालं तर दोनी काढायचे आन् जुळवायचे, आसं ठरलं हुतं. म्हातारीला भ्रम झालाय ना? मग बगा की काढून."

सुकन्या आईजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं आसतं तर तू दुकानात सांगितलं आसतंस. कॉलेजात सांगितलं आसतंस. तू खरं बोलतीस सगळीकडं, तुला लपवाया येत न्हाई."

"अगं, पण मी पूर्ण फाळावर यंत्र तपासलं! अर्धा तुकडा दोन फुटांवरून त्याला कळेलच असं नाही."

रंगुबाईने तिच्याकडे वर पाहिलं. "मग कळंल आसं कर. शिकलीस ना?"

सुकन्या मोजणीदारांकडे वळली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. मोठा नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"आधी रस्त्याकडचा दगड काढू. त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंचा वाद नाही. बरोबर ना, बिभीषणभाऊ?"

बिभीषणने नाइलाजाने मान हलवली. सगळं गाव रोज तो दगड बघत होतं.

रस्त्याकडच्या दगडाखाली आधी कोळशाचे खडे लागले. मग हातभर खोलीवर अर्धा फाळ. गंजाने फुगलेला, एका टोकाला तिरका. आता कुणी हसत नव्हतं. सुकन्याने तो तुकडा तळाशी ठेवून खड्डा भरायला लावला, तबकडी वर धरली. यंत्र गप्प. तिने वीतभर माती काढायला लावली. पुसटसा सूर आला. अजून चार बोटं काढली आणि सूर पक्का झाला.

"एवढं खाली गेलं की कळतं," ती म्हणाली. "म्हणजे नाल्याकडे वरची वीत आणि चार बोटं माती काढून चर खणायचा. आत्ताच्या दगडापासून भाऊंच्या बाजूला, पंधरा फूट."

"माज्या रानात कुदळ लावायची न्हाई!" बिभीषण आडवा झाला. "चारा हाय माजा तिथं. पाय टाकला तर तंगडं मोडीन."

गोरक्ष थांबला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मोजणीदार काही बोलणार, एवढ्यात रंगुबाई उठली. तिने गोरक्षच्या हातातली कुदळ घेतली, दगड ओलांडला, हिरव्या चाऱ्यात शिरली आणि बिभीषणच्या पायांपासून हातभर अंतरावर पहिला घाव घातला.

"मोड तंगडं," ती म्हणाली. "चाळीस वर्सं ऊस तोडलाय ह्या तंगड्यांवर. मोड."

तिने दुसरा घाव घातला. बिभीषण तसाच उभा राहिला. चाळीस माणसं बघत होती.

"खुणेचा शोध हा मोजणीचाच भाग आहे," मोजणीदार म्हणाले. "काही निघालं नाही तर चर बुजवून द्यायचा आणि चाऱ्याची भरपाई अर्जदाराची. पंचनाम्यात लिहितो. खणा."

मग गोरक्षने रंगुबाईच्या हातून कुदळ घेतली. चर खणायला दुपार झाली. ओल्या मातीची ढेकळं निघत होती आणि सुकन्या चरात गुडघे टेकून इंचाइंचाने तबकडी सरकवत होती. तीन फूट, शांत. सहा फूट, शांत. आठ फुटांवर एक तारेचा तुकडा. दहा फूट, शांत. तिने मनात शक्यता मोजायला सुरुवात केली होती: तुकडा कुणी काढला असेल, नाल्याच्या पुरात वाहून गेला असेल, आईची आठवण... तिने तो विचार तिथेच सोडला आणि तबकडी पुढे नेली.

अकरा फुटांना चार बोटं कमी असताना यंत्र बोललं.

तिने तबकडी काढली, पुन्हा आणली. आडवी नेली, उभी नेली. मग तिथे खुरपं रोवलं आणि बाजूला झाली. "हळू खण," ती गोरक्षला म्हणाली. आधी काळे खडे निघाले. एका पंचाने एक उचलून बोटांनी चिरडला आणि बोट सगळ्यांना दाखवलं. कोळसा. त्याच्याखाली लोखंड.

दोन्ही तुकडे गोणपाटावर ठेवले. सुकन्याने पाण्याने माती धुतली, खुरप्याने गंजाचे पोपडे काढले. काठ बरेच झिजले होते. कण न् कण जुळतो असं ती शपथेवर म्हणाली नसती. पण जाडी तीच, रुंदी तीच, आणि छिन्नीचा तिरका उतार एकाचा उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. तिने ते जवळ सरकवले. मधे नखाएवढी फट राहिली आणि नांगराचा फाळ नांगराच्या फाळासारखा दिसायला लागला.

"लोखांड काय, कुटंबी सापडतंय," बिभीषण म्हणाला.

"सापडतं ना," सुकन्या म्हणाली. "वर्षभर हे यंत्र घेऊन फिरा. याचा तिसरा तुकडा सापडला तर मला सांगा."

मोजणीदारांनी टेप लावला. पंचांनी सह्या केल्या. अकरा फुटांना चार बोटं कमी, असं रंगुबाईने त्यांच्याकडून मुद्दाम लिहून घेतलं. एक बोटही जास्त नको, ती म्हणाली.

उन्हं उतरली तेव्हा नाल्याकडचा दगड त्याच्या जुन्या जागेशेजारी आणून ठेवला होता. रंगुबाईने अर्धा फाळ खड्ड्यात ठेवला, वर कोळसा टाकला आणि माती लोटली. गोरक्ष दगड उचलायला वाकला, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

"तू न्हाई. बिभीषन, तू ये. त्या टायमाला दगडाला दोन हात लागले हुते. एक आमच्या मालकाचा आन् एक तुझ्या बापाचा. आता एक माजा. दुसरा तुझा."

बिभीषण बांधावर उभाच होता. "मी काय तुझा गडी हाय का, काकू? बसव तुझं तूच."

"बसवीन की. पन मग पुना हलला तर कुनी बसवला हुता, आसं गाव इचारंल. तुझा हात लागला म्हंजी हलवाया तुझीच लाज आडवी यील."

"आन् न्हाई आलो तर?"

रंगुबाईने दगडाशेजारी बूड टेकलं. खुरपं मांडीवर घेतलं.

"तर मी हिथं बसते. मला कुटं जायचंय? टोळीच्या मुकादमाला सांगून ठिवलंय, औंदा कोयता हातात घ्यायची न्हाई. दिवाळी झाली तरी हिथं, संक्रांत झाली तरी हिथं. आता ह्या रानाला कुलूप नसतंय, बाबा."

चाळीस माणसांपैकी बरीच घरी गेली होती. जी उरली होती ती बिभीषणकडे बघत होती. सुकन्या यंत्राचा दांडा सोडवून पिशवीत भरत होती. तिने बॅटरी काढली, तबकडी पुसली, आणि निघायची घाई न करता आईशेजारी मातीत बसली.

थोड्या वेळाने बिभीषणने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.